सिकलसेल असलेल्या मुलाची न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्ट करायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही चंद्रपूरकडचे. मुलगा दहा वर्षांचा, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), एसएस पॅटर्न, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेला. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू आहे, त्याने क्रायसिस (दुखण्याचे झटके) बरेच कमी झालेत म्हणून आम्ही निर्धास्त होतो, पण यंदा अभ्यासात एकदम मागे पडलाय. तोंडी विचारलं तर पाढे धडाधड म्हणतो, पण फळ्यावरून उतरवायचं म्हटलं की वहीत अर्धी ओळ होते तोवर बाई फळा पुसून मोकळ्या. दप्तर ठेव आणि आजीला चष्मा नेऊन दे सांगितलं तर चष्मा हातात घेऊन मधेच उभा. शाळा म्हणते आळशी, सासूबाई म्हणतात दुखण्यापायी लाडावलाय. एका ठिकाणी आयक्यू काढला, नॉर्मल आला, रिपोर्टवर एक आकडा आणि सही, संपलं.

न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंटमध्ये (लक्ष, स्मरण अशा मेंदूच्या कामांची तपासणी) याहून वेगळं काय बघतात? कोणाकडे करायची? एमआरआय आधी की ही आधी? नागपूरला जायची तयारी आहे. बदाम-शंखपुष्पी सांगू नका प्लीज, ते चालूच आहे :)

प्रतिसाद:
ताई, टेस्टची वाट न बघता आधी सिकलसेलच्या डॉक्टरांना हे सगळं असंच्या असं सांगा. एसएसच्या मुलांना मेंदूत बारीक स्ट्रोक येऊन जातात, हातपाय लुळे पडत नाहीत की तोंड वाकडं होत नाही, कुणाला पत्ताच लागत नाही, फक्त एमआरआयमध्ये दिसतात. अभ्यासात असं मागे पडणं ही कधीकधी त्याची पहिली खूण असते. टीसीडी, म्हणजे डोक्याचा डॉप्लर, झालाय का? 2 ते 16 वर्षांपर्यंत दरवर्षी करायचा असतो, मेंदूच्या रक्तवाहिन्यांत रक्ताचा वेग सेकंदाला 200 सेंमीच्या वर गेला तर मोठ्या स्ट्रोकचा धोका. पण तो नॉर्मल आला तरी बारीक स्ट्रोक नाहीतच असं नाही, म्हणून एमआरआयचं वेगळं विचारा.

असेसमेंटसाठी आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बघा, मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात चौकशी करा. लक्ष, कामाचा वेग, वर्किंग मेमरी (ऐकलेलं काम होईपर्यंत डोक्यात धरून ठेवणं) हे वेगवेगळं तपासून लिहून द्या म्हणावं, एकाच आकड्यात ते झाकलं जातं. आणि क्रायसिसमधून उठल्या उठल्या नेऊ नका, दमलेल्या पोराचे मार्क कमीच येणार.

धागाकर्ती:
खूप आभार. टीसीडी तर कधी कुणी सांगितलाच नाही, सोमवारच्या ओपीडीत विचारते. 2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे ना, मग हा रिपोर्ट दाखवून शाळेकडून पेपरला जास्तीचा वेळ कुणी मिळवलाय का?