दही-ताक सोडून प्रोबायोटिक कशातून मिळेल? मदत हवी आहे

रेवा_पुणे
मुलीचा अँटिबायोटिकचा कोर्स संपला, पोट अजून बिघडलेलंच आहे. डॉक्टर म्हणाले, प्रोबायोटिक द्या, म्हणजे पोटाला चांगले असे जिवंत जिवाणू. जो तो दही-ताक सांगतोय आणि तेच तर चालत नाही! दुसरं काय देऊ? लवकर सांगा प्लीज.

सुगरण७
इडली-डोसा द्या की. आंबवलेलंच असतं.

अनिकेत_
इडली वाफवली की त्यातले जिवाणू मरतात. पचायला हलकी, एवढंच. रेवाताई, मुलगी केवढी आहे? लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नाही की दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी आहे? नुसता लॅक्टोजचा त्रास असेल तर पुष्कळांना दही सोसतं. ॲलर्जी असेल तर थेंबभरही नको.

नाना_सातारकर
देशी गाईचं ए-टू दूध देऊन बघा. आमच्या नातवाला तेच मानवलं.

अनिकेत_
नाना, कृपा करून असं सुचवू नका. त्यातही लॅक्टोज आणि केसीन हे दुधाचं प्रथिन असतंच. ॲलर्जी असेल तर जिवावर बेतेल.

रेवा_पुणे
ॲलर्जीच आहे, अंगावर गांध्या उठतात. नऊ वर्षांची आहे. गहूही बंद आहे.

सुगरण७
अगं, हे आधी सांगायचंस ना! मग डबीतला हिंगही तपास, त्यात बहुतेक वेळा मैदा नाहीतर गव्हाचं पीठ असतं.
गाजराची कांजी कर. गाजर-बिटाचे बोटाएवढे तुकडे, मीठ, कुटलेली मोहरी आणि उकळून गार केलेलं पाणी. बरणीला फडकं बांधून तीन-चार दिवस उन्हात ठेव. वर बारीक फेस आला, चव आंबटसर लागली की झाली. बुरशी दिसली तर सगळी टाकून दे.

कोकणकन्या
नाचणीची आंबील, ताक न घालता! पीठ रात्रभर भिजवायचं, सकाळी शिजवायचं.

अनिकेत_
शिजवलीत म्हणजे परत इडलीचीच गत.

कोकणकन्या
मग पाण्यात ठेवलेला शिळा भात द्या, न तापवता. आमची आजी कायम खायची.

अनिकेत_
पोट बिघडलेल्या मुलीला रात्रभर बाहेर राहिलेला भात नको. भातातले काही जिवाणूच जुलाब-उलट्या करतात.
रेवाताई, डॉक्टरांना दुधाच्या ॲलर्जीची आठवण करून द्या. लॅक्टोबॅसिलस या प्रोबायोटिक जिवाणूंच्या काही पावडरींत दुधाचा अंश असतो. बॅसिलस क्लॉसी या दुसऱ्या प्रोबायोटिक जिवाणूच्या पाण्यातल्या छोट्या कुप्या मिळतात, त्या चालतील का विचारा. कांजी पोट सावरल्यावर, तीही चमचाभरच.

रेवा_पुणे
लावते फोन. कांजीला मोहरी काळी की पिवळी?

सुगरण७
पिवळी, कमी उग्र असते. पण तिला मोहरी चालते ना?