जादा तेल कशासाठी?

युद्धं, भूकंप यांची यादी देऊन ‘येशू परत यायला आता फार तर दोन-चार वर्षं’ असं काहीजण म्हणतात, म्हणून थोडी भर घालतो. बायबलमधल्या दानिएलाच्या पुस्तकातल्या 2300 दिवसांवरून विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकाच्या अनुयायांनी असाच हिशेब मांडला आणि 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली. अमेरिकेत काही शेतकऱ्यांनी शेतातलं पीकही काढलं नाही. (माणसं लबाड नव्हती हो, म्हणूनच जास्त वाईट वाटतं.) 23 तारीख उजाडली. ‘तो दिवस, ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही’ हे मत्तय 24:36 त्यांनीही वाचलेलंच होतं.

पुढच्याच अध्यायातला, दिवे घेऊन वराची वाट बघणाऱ्या दहा कुमारींचा दाखला पुन्हा बघा. वराला उशीर झाला तेव्हा शहाण्या पाचजणीही झोपल्याच होत्या! पण त्यांच्याकडे जादा तेल होतं, म्हणजे उशीर धरूनच तयारी. चोविसाव्या अध्यायातला विश्वासू दाससुद्धा दारात उभा राहून वाट बघत नाही. घरच्यांना वेळेवर जेवायला घालतो. थेस्सलनीकात काहीजण कामधंदा सोडून बसले, तेव्हा प्रेषित पौलाने तिथल्या मंडळीला पत्रातून ठणकावलं की काम करायचं नसेल त्याने जेवूही नये. हे वचन आपण एरवी आळशांवर चालवतो. त्याच पत्रात आधी, प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय या बातमीने घाबरू नका, असंही लिहिलंय.