ऋग्वेदातले मुख्य देव: सूक्तं मोजायची कशी?

पंचवटी_वाचक: आठवीच्या मुलांसाठी भित्तिपत्रक करायचंय. इंद्राची सूक्तं (ऋचांनी बनलेली स्तोत्रं) एका पुस्तकात २५०, दुसऱ्यात बरीच जास्त. कुठला आकडा धरू? इथे नाशिकला रामकुंडावर विष्णू-शिवाची नावं सतत कानावर येतात, मग त्यांना पहिल्या ओळीत घ्यायचं ना?

अनुक्रमणी: आकडे बदलतात ते जोडदेवतांमुळे. इंद्राग्नी, इंद्रावरुण यांची सूक्तं इंद्राच्या खात्यात धरली की बेरीज फुगते. म्हणून तीन रकाने करा: एकट्याची, जोडीची, विश्वेदेवांची (म्हणजे सगळ्या देवांची मिळून). प्रत्येक सूक्ताच्या डोक्यावर ऋषी, देवता, छंद दिलेले असतात, त्यातली देवता टिपायची. एकूण सूक्तं १०२८ (वालखिल्य नावाची ११ जोडसूक्तं धरून). ढोबळमानाने इंद्र २५०, अग्नी २००, सोम १२० च्या आसपास.

सोमाच्या आकड्याला मात्र भुलू नका. ऋग्वेदाच्या दहा मंडलांपैकी (भागांपैकी) नववं अख्खं, ११४ सूक्तं, सोमाचंच आहे, कारण सोमरस गाळतानाची सूक्तं तिथे एकत्र केली. शिवाय दुसऱ्या ते सातव्या मंडलात आधी अग्नी, मग इंद्र असाच क्रम लावलाय. त्यामुळे मंडलाची सुरुवातच वाचून थांबलात तर अग्नीच सर्वांत मोठा वाटेल.

गंगापूररोड: नुसत्या संख्येवर मान ठरवायचा तर वरुणावर अन्याय होतो. एकट्या वरुणाची सूक्तं जेमतेम डझनभर, पण ऋताचा (विश्वाच्या नियमाचा) रक्षक तोच, पापाची क्षमा मागायची तीही त्याच्याकडे. मित्राला स्वतंत्र असं एकच सूक्त (३.५९, म्हणजे तिसरं मंडल, ५९वं सूक्त), बाकी तो वरुणाच्या जोडीनेच येतो. विष्णूला पाच-सहा, रुद्राला (म्हणजे पुढच्या शिवाला) पूर्ण अशी तीन: १.११४, २.३३, ७.४६. तेव्हा त्यांना पहिल्या ओळीत नको. खाली ठेवा आणि पुढे मोठे झाले म्हणून बाण काढा.

पंचवटी_वाचक: पण ‘त्र्यंबकं यजामहे’ ऋग्वेदातलंच ना? त्र्यंबकेश्वर इतकं जवळ, मुलं विचारणारच.

अनुक्रमणी: ऋग्वेदातलंच, ७.५९.१२ (शेवटचा आकडा ऋचेचा). पण सूक्त मरुतांचं (वादळी वाऱ्याच्या देवांचं) आहे, फक्त शेवटची ऋचा रुद्राची. मंत्र आज कुठे म्हणतात आणि त्याची मूळ देवता कोण, इथेच बहुतेकांची गफलत होते. ‘गणानां त्वा गणपतिं’ (२.२३.१) ब्रह्मणस्पतीचा (प्रार्थनेच्या देवाचा), ‘शं नो देवीः’ (१०.९.४) पाण्याचा, पण तो शनीसाठी म्हणतात! गायत्री (३.६२.१०) सवित्याची (प्रेरणा देणाऱ्या सूर्यदेवाची). असे मंत्र भित्तिपत्रकावर घेतलेत तर शेजारी मूळ देवता लिहा.

मांडणी निरुक्तकार यास्काप्रमाणे (वैदिक शब्दांचा अर्थ लावणारा प्राचीन पंडित) करा: पृथ्वीवर अग्नी, अंतरिक्षात वायू किंवा इंद्र, द्युलोकात सूर्य. सोम अग्नीशेजारी, मरुत आणि पर्जन्य इंद्राच्या पट्ट्यात, उषा आणि अश्विनीकुमार वर.

गंगापूररोड: आणि चित्रं काढताना इंद्राच्या हाती वज्र, रथाला दोन हरी (पिवळसर) घोडे. ऐरावत हत्ती नको, तो नंतरचा.