अपॉइंटमेंट रुग्णापर्यंत पोहोचली, असे रुग्णालयाने केव्हा मानावे?

मूळ मांडणी (धागाकर्ता)

बाह्यरुग्ण विभागाची अपॉइंटमेंट आता अनेक रुग्णालये एसएमएस, ईमेल किंवा स्वतःच्या ॲपवरून कळवतात आणि टपालाने येणारे पत्र मागे पडत चालले आहे. माझा आक्षेप माध्यमाला नाही. संदेश यंत्रणेतून बाहेर पडताच ‘रुग्णास कळवले’ अशी नोंद होते आणि त्यानंतर रुग्ण आला नाही तर सगळा दोष त्याच्या माथी मारला जातो, याला आहे. काही ठिकाणी गैरहजर राहिलेल्या रुग्णाचे नाव प्रतीक्षायादीतून काढून त्याला मूळ डॉक्टरकडे परत पाठवले जाते. तिथून चिठ्ठी घेऊन त्याने पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहायचे.

एसएमएसची पोच फार तर एवढेच सांगते की संदेश फोनमध्ये उतरला. तो कोणी वाचला, हे ती सांगत नाही. क्रमांक बदललेला असू शकतो, जुना क्रमांक दुसऱ्याच कोणाला मिळालेला असू शकतो आणि ईमेल स्पॅममध्ये पडून राहू शकते. ॲपची तऱ्हा तर आणखी निराळी आहे. ‘आपल्यासाठी नवीन पत्र आले आहे’ एवढीच सूचना येते आणि ते पत्र वाचण्यासाठी पासवर्ड, मग ओटीपी, मग अटींना संमती असे दरवाजे ओलांडावे लागतात, जे मोतीबिंदूच्या तपासणीसाठी थांबलेल्या माणसाकडून अपेक्षिणे हास्यास्पद आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की पहिली अपॉइंटमेंट, ठरलेल्या तारखेतील बदल आणि विलंब धोक्याचा ठरेल अशा आजारांच्या तपासण्या, एवढ्यांपुरती तरी रुग्णाकडून होकार येईपर्यंत ती कळवली गेली नाही असेच रुग्णालयाने धरावे. होकार आला नाही तर दुसरे माध्यम वापरावे, तेही निष्फळ ठरल्यास माणसाने फोन करावा, आणि हे सारे केल्याशिवाय कोणाचेही नाव यादीतून काढू नये.

प्रतिसाद १ (नोंदणी कक्षात काम करणारी व्यक्ती)

मांडणी सहृदय आहे, पण ती राबवणाऱ्याच्या बाजूने पाहिलेली नाही. होकार न देता वेळेवर हजर होणाऱ्या रुग्णांची संख्या फार मोठी असते. त्या सर्वांना फोन करायचे म्हटले, तर जे येणारच होते त्यांच्यामागे आमचा दिवस जाईल आणि खिडकीसमोर उभी असलेली माणसे ताटकळतील. शिवाय अनोळखी क्रमांकावरून आलेला फोन आजकाल कितीजण उचलतात?

आकडेही पाहावेत. मोबाइलवरील स्मरणसंदेशांविषयी कॉक्रेनने (वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था) २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात ८ चाचण्या आणि ६,६१५ सहभागी होते. कोणतेही स्मरण न दिलेल्यांची उपस्थिती ६७.८ टक्के, एसएमएस मिळालेल्यांची ७८.६ टक्के आणि फोन केलेल्यांची ८०.३ टक्के होती. स्वस्त आणि आपोआप जाणाऱ्या संदेशाने जवळजवळ सगळा फायदा पदरात पडत असेल, तर उरलेल्या दोनेक टक्क्यांसाठी माणसे जुंपायची का? आणि क्रमांक बदलल्यावर तो रुग्णालयाला कळवण्याची जबाबदारी रुग्णाची नाही, असे धागाकर्त्यांना म्हणायचे आहे का?

धागाकर्ता

क्रमांक कळवण्याची जबाबदारी रुग्णाचीच आहे, हे मान्य. परंतु तो विचारण्याची जबाबदारी खिडकीची आहे, आणि फॉलो-अपला आलेल्या रुग्णाला ‘क्रमांक हाच आहे ना?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

आकड्यांविषयी मात्र माझा मतभेद आहे. एसएमएसची चाचणी घ्यायची तर तिच्यात ज्यांच्याकडे एसएमएस पोहोचू शकतो असेच लोक येणार. ज्यांचा स्वतःचा फोन नाही, ज्यांना वाचता येत नाही, ज्यांना दिसत नाही, ते त्या सरासरीत मुळात मोजलेच गेलेले नसतात. माझी मागणी नेमकी त्यांच्यासाठी आहे आणि ते कोण आहेत हे केसपेपरवर एकदा नोंदवले, तर सर्वांना फोन करण्याची वेळ येणार नाही.

प्रतिसाद २

दोघेही संदेश कोणत्या वाटेने जातो यावर भांडत आहेत. तो लिहितो कसा, याकडे कोणाचेच लक्ष नाही. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीची १६० अक्षरे मावतात, पण देवनागरीसारख्या लिपीत सर्वसाधारणपणे ७०च. त्यातही काना, वेलांटी आणि हलन्त हे प्रत्येकी स्वतंत्र अक्षर म्हणून मोजले जातात, त्यामुळे ‘बाह्यरुग्ण विभाग’ एवढे लिहिण्यातच १६ जागा जातात. मजकूर वाढला की एका संदेशाचे दोन-तीन होतात आणि खर्चही त्याच पटीने वाढतो. मग काटछाट सुरू होते. विभागाचे नाव संक्षेपात, इमारत आणि मजला गाळलेले, उपाशीपोटी यायचे की नाही हे वगळलेले. रुग्ण वेळेवर येतो, पण खाऊन येतो, आणि तपासणी पुढे ढकलली जाते. गैरहजेरीच्या आकड्यात हा रुग्ण दिसत नाही, दिवस मात्र दोघांचाही वाया जातो.

शब्दांचा परिणाम मोजलाही गेला आहे. लंडनमधील रुग्णालयांत झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, अपॉइंटमेंट चुकल्यास आरोग्यसेवेला नेमका किती भुर्दंड पडतो हे संदेशात लिहिल्यावर गैरहजेरी ११.१ टक्क्यांवरून ८.४ टक्क्यांवर आली. माध्यम तेच होते, बदलले ते फक्त वाक्य. (आजारी माणसाला खर्च ऐकवणे मला व्यक्तिशः रुचत नाही, पण परिणाम नाकारता येत नाही.)

प्रतिसाद ३

धागाकर्त्यांच्या प्रस्तावाला माझा विरोध आहे, आणि तो खर्चासाठी नाही. ‘शेवटी माणसाने फोन करावा’ हे ऐकायला चांगले वाटते. पण तो फोन घरात कोण उचलणार? मानसोपचार, एचआयव्ही, गर्भपात, वंध्यत्व, व्यसनमुक्ती या विभागांतील रुग्णांपैकी अनेकांनी घरी काहीही सांगितलेले नसते. ‘आपण कोण बोलता? काय काम आहे?’ या दोन प्रश्नांपुढे कर्मचारी अडखळला की जे लपवायचे होते ते उघड झालेच. लॉक असलेल्या पडद्यावर झळकणारा, विभागाचे नाव लिहिलेला एसएमएसही तितकाच घातक आहे. ज्या ॲपची वर थट्टा झाली, त्याचे ते दरवाजे काही रुग्णांना हवे असतात.

होकार मिळेपर्यंत माध्यमामागून माध्यम बदलत राहणे म्हणजे रुग्णाने न दिलेल्या वाटेने त्याच्या घरात शिरणे होय. नोंदणीच्या वेळी विचारावे की कशाने कळवू, कोणत्या भाषेत, आणि उत्तर आले नाही तर आणखी कोणाला कळवलेले चालेल. ‘कोणालाही नाही’ हे उत्तरही स्वीकारावे आणि त्याचा परिणाम काय होईल हे त्याच वेळी स्पष्ट सांगावे.

धागाकर्ता

हा आक्षेप मला मान्य आहे. दुसरे माध्यम रुग्णाने निवडलेलेच असावे. यादीतून नाव काढण्यापूर्वी होकार किंवा नकार यांपैकी काहीतरी हाती असावे, या अटीवर मात्र मी ठाम आहे.

प्रतिसाद १ (पुन्हा)

या अटीने यादी कधीच मोकळी होणार नाही. बरे झालेले, दुसरीकडे उपचार घेतलेले, गाव सोडून गेलेले असे सगळे तिच्यात बसून राहतील आणि खरोखर गरज असलेल्यांची पाळी लांबेल.

त्यापेक्षा संदेशाला उत्तर देता यावे, एवढे तरी रुग्णालयांनी आधी करावे. अनेक संदेश अशा क्रमांकावरून जातात की त्यावर उत्तर पाठवताच येत नाही, आणि अपॉइंटमेंट रद्द करण्यासाठी दिलेला फोन सतत व्यस्त असतो. त्यामुळे जो येणार नाही हे प्रामाणिकपणे सांगू इच्छितो, त्याचीही गणना शेवटी गैरहजरांतच होते. होकाराला १ आणि नकाराला २ असे उत्तर घेता आले आणि संदेश किमान दोन-तीन दिवस आधी गेला, तर रिकामी झालेली वेळ आयत्या वेळी यायला तयार असलेल्या दुसऱ्या रुग्णाला देता येते. आदल्या संध्याकाळी पाठवलेल्या संदेशावर नकार आला तरी त्या वेळी आमच्या खिडकीवर कोणी नसते.