सात वर्षांच्या पोरीसाठी शिंगरू? माझा ठाम विरोध आहे

तापीकाठ (शहादा)

काल इथेच या गटावर रावेरच्या एका भाऊंनी लिहिलं होतं, "मुलगी सात वर्षांची झाली. यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेतून तिच्यासाठी दीड वर्षाचं शिंगरू आणतोय. दोघं सोबत वाढतील, एकमेकांना जीव लावतील." त्याखाली नुसता अभिनंदनाचा पाऊस. एकानेही थांबा म्हटलं नाही. माझ्या डोक्यातून ते जाईना, म्हणून लिहायला बसलो.

भाऊ, शिंगराला माणूस कळत नाही आणि पोरीला घोडं कळत नाही. दोघांतलं एक तरी पक्कं पाहिजे. दीड वर्षाच्या शिंगरावर कोणी बसायचंच नसतं, त्याची हाडं भरायला चौथं-पाचवं वर्ष उजाडतं. म्हणजे अडीच-तीन वर्षं पोरगी नुसती दावणीजवळ उभी राहणार. शिंगराचा खेळ काय असतो ते दावणीवाल्याला विचारा. चावणं, पुढचे पाय उचलून अंगावर येणं, वळून लाथ झाडणं. दुसऱ्या शिंगराला त्याचं काही वाटत नाही. बावीस किलोच्या पोरीची बरगडी जाते.

आमच्याकडे १९९८ साली हे झालंय. वडिलांनी यात्रेतून तीन वर्षांचा कुमैत, म्हणजे तांबूस अंगाचा घोडा आणला. पंचकल्याण, चार पाय पांढरे, कपाळावर पट्टा, वर गुलाल लावलेला. बाजारात तो मेंढरासारखा उभा होता. मान खाली, खालचा ओठ लोंबलेला, कानाला हात लावा, शेपटी उचला, काही नाही. विकणारा म्हणाला, "पाळण्यातलं लेकरू बसवा." चौथ्या दिवशी त्याला जाग आली. धाकटा भाऊ नऊ वर्षांचा, पायात स्लीपर. शेजारच्या शेतात पंप फटफटला आणि घोडा निघाला. रिकीब, म्हणजे खोगिराची पाय टेकवायची कडी, मोठ्या माणसाची होती. भावाचं पाऊल आरपार घुसलं आणि खाली पडल्यावरही निघेना. विहिरीपासून बांधापर्यंत फरफटत गेला. हात दोन ठिकाणी मोडला. आज तो दोन लेकरांचा बाप आहे, घोड्याच्या सावलीलाही उभा राहत नाही.

घोडं घ्या, मी नको म्हणत नाही. दहा-बारा वर्षांचं, पोरं पाहिलेलं, मापाने लहान. आपल्याकडे घोडे खच्ची करायची पद्धत कमी, म्हणून घोडीच. आणि यात्रेत घेऊ नका, मालकाच्या दारात जाऊन घ्या. तीन वेळा जा, त्यातली एक चक्कर न सांगता, सकाळी चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या वेळी. दाण्याचा तोबरा समोर असताना घोडी माणसाला कशी वागवते तिथे सगळं दिसतं. चारही पाय उचलून बघा. जवळ छत्री उघडा. तिला एकटीला दावणीपासून दूर न्यायला सांगा. आधी मालक बसेल, मग तुम्ही. लेकरू शेवटी.

वरातीची नाचरी घोडी मात्र चुकूनही घेऊ नका.

केळीबाग (रावेर)

ते भाऊ मीच. मी माझ्या पोरीचा बाप आहे, तिचा वैरी नाही. शंभर लोकांसमोर असं लिहायच्या आधी मला एकट्याला विचारता आलं असतं.

माझं म्हणणंही ऐका. आमच्या घरी गोऱ्हे वाढले. मी सहा वर्षांचा असताना गोऱ्ह्याच्या पोटाला डोकं लावून गोठ्यात झोपायचो. पुढे तोच बैल मी हाक मारली की औतावरून मान वळवायचा. लहानपणापासून लावलेला जीव वेगळाच असतो, तो बाजारात मिळत नाही. तुम्ही म्हणता बारा वर्षांची घोडी घ्या. ती दोन वर्षांत मेली तर पोरीला काय सांगू? मागच्या वर्षी तिची आजी गेली. मला आणखी एक मरण तिच्या दारात आणायचं नाही. शिंगरू म्हणालो ते एवढ्यासाठी.

गुरांची डॉक्टर (धुळे)

केळीबाग भाऊ, तुमची भीती समजली, पण हिशोब चुकलाय. नीट ठेवलेलं घोडं पंचवीस वर्षं सहज जगतं, काही तिशी गाठतात. बारा वर्षांची घोडी म्हणजे भर संसारातली बाई. तुमची लेक कॉलेजला जाईपर्यंत ती दारात असेल.

गोऱ्ह्याची तुलना सोडा. बैल बिचकला तर आधी थबकतो, मान वळवून बघतो. घोडा आधी पळतो, बघायचं नंतर. त्याला नाकाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही, आणि लहान मूल नेमकं तिथेच जाऊन उभं राहतं.

वय दातावरून बघा, मालकाच्या तोंडावरून नको. पाचव्या वर्षी पुढचे सगळे दात पक्के होतात. त्यानंतर वरच्या जबड्यातला कोपऱ्याचा दात बघायचा. त्यावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीजवळ एक उभी खाच दिसू लागते. पंधराव्याला ती निम्म्या दातावर येते, विसाव्याला खालच्या टोकापर्यंत. अंदाजच असतो, पण "आठ वर्षांची" म्हणून अठराची गळ्यात मारली असेल तर तिथे पकडता येते.

तापीकाठ भाऊंनी वर्णन केलेला तो लोंबलेला ओठ मी दवाखान्यात पाहिलाय. यात्रेतून आणलेलं "गरीब" जनावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिसाळलं म्हणून लोक घेऊन येतात. गुंगीचं इंजेक्शन उतरलेलं असतं. म्हणून सौदा कुठेही करा, रक्त तपासून घ्या. ग्लँडर्सची चाचणी तर हवीच, तो रोग माणसालाही होतो. आणि पोरीचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते आजच बघा. घोड्याच्या लिदीत त्याचे जंतू असतात.

घोडीवाले आप्पा (पारोळा)

तापीकाठ भाऊ, बाकी पटलं. पण "वरातीची घोडी चुकूनही घेऊ नका" हे कशावरून? आमच्या घरात तीन पिढ्या घोड्या आहेत. डीजे कानाशी, फटाक्यांची माळ पायाशी, वर नवरदेव, त्याच्यापुढे चार वर्षांचा करवला, समोर दोनशे माणसं नाचताहेत. त्यात जी घोडी कान हलवत उभी राहते तिच्याइतकी धीट घोडी तुम्ही कुठून आणाल? तुमचा पंप फटफटला आणि घोडा पळाला. माझी घोडी त्या पंपाशेजारी झोप काढेल. माझी तिन्ही पोरं वरातीच्या घोडीवरच बसायला शिकली.

सातपुड्याची लेक (धडगाव)

आप्पा, तुमच्या घोडीच्या तोंडात काय आहे ते आधी सांगा. मी नंदुरबारला एका लग्नात डोळ्यांनी पाहिलंय. घोडीच्या ओठाच्या कोपऱ्यातून फेस येत होता, फेस गुलाबी होता. लगाम काढला तर सळईला काटे. त्या घोडीला लोक "किती शांत" म्हणत होते. तोंड फाटेल या भीतीने उभी राहिली त्याला धीटपणा म्हणतात का? काटेरी लगामाला १९६५ च्या केंद्राच्या नियमांनीच बंदी आहे. साठ वर्षं झाली तरी यात्रेत दुकानावर टांगलेले दिसतात.

घोडीवाले आप्पा (पारोळा)

ताई, माझ्या घोडीच्या तोंडात काटे नाहीत. साधी जोडसळई आहे, या आणि हात घालून बघा. एका लग्नात पाहिलं आणि सगळ्यांना त्याच माळेत ओवलं. घोडीला वर्षभर खाऊ घालतो, मुहूर्त मिळतात बोटावर मोजण्याइतके. हरभऱ्याचा भाव काय झालाय? नवरदेवाकडचेच म्हणतात, "नाचवा, नाहीतर पैसे कापू." नाचवायला सांगणारे तुम्ही, शिव्या आम्हाला.

सातपुड्याची लेक (धडगाव)

मी कोणाच्या लग्नात घोडी नाचवायला सांगितली नाही. माझ्या भावाच्या लग्नात घोडी नव्हतीच, यावरून घरात आठ दिवस अबोला होता. तेव्हा "तुम्ही" म्हणू नका. आणि शिंगराला दोन खांबांमध्ये बांधून, पायावर काठी मारत नाचायला शिकवतात ते कोणी बोलायचंच नाही का?

निवृत्त मास्तर (अमळनेर)

या भांडणात मूळ दुखणं राहून चाललंय. सारंगखेड्याला मी वडिलांबरोबर जायचो तेव्हा तापीच्या काठावर शेतकरी कामाचं घोडं शोधत फिरायचे. आता अर्धी गर्दी मोबाइल वर करून उभी. राजस्थान, पंजाबातून आलेल्या उंच घोड्यांचे लाखांतले भाव ऐकायचे आणि परत यायचं. गळ्यावर देवमण, म्हणजे शुभ मानलेला केसांचा भोवरा आहे का, बाकीचे भोवरे कुठे आहेत, यावर तासभर खल. घोडा चावतो का हे विचारणारा मला मागच्या खेपेला एक भेटला नाही. अहो, देवमण बघून काय पोरगी पडायची थांबणार आहे?

तापीकाठ (शहादा)

मास्तर, देवमणाला नावं ठेवू नका, आमच्या घरी आजही बघतात. पण लेकरासाठी तो निकष नाही हे मान्य.

आप्पा, तुमच्या घोडीला मी वाईट म्हटलं नाही. माझी हरकत वेगळी आहे. वरातीच्या घोडीचा लगाम तासन्‌तास ओढलेला असतो. काटे असोत नसोत, तिचं तोंड मरतं. तुमच्या मनगटाने ती थांबते. सात वर्षांच्या पोरीने दोन बोटांनी लगाम ओढला तर तिला कळणारही नाही. शिवाय ढोल वाजला की ती जागेवर उडायला लागते, तिला तेच शिकवलंय. गणपतीत गल्लीत ढोल वाजला आणि वर पोरगी असली तर?

गुरांची डॉक्टर (धुळे)

हे बरोबर आहे. पुढचे दात आणि दाढा यांच्या मधे मोकळी हिरडी असते, लगामाची सळई तिथे बसते. तिथे बोट फिरवलं की कळतं. काहींच्या हिरडीवर घट्टा जाणवतो, काहींच्या हाडापर्यंत जुनी जखम. पण आप्पांचंही पूर्ण खोडता येणार नाही. गोंगाटाची सवय ही खरी गोष्ट आहे, ती शिकवायला वर्षं जातात. न नाचवलेली, फक्त नवरदेव मिरवलेली आणि तोंड मऊ राहिलेली घोडी मिळाली तर मी माझ्या भाचीसाठी घेईन.

घोडीवाले आप्पा (पारोळा)

डॉक्टर ताई, एवढं तरी कोणी म्हणालं. ढोलाचं भाऊ म्हणतात ते खरं आहे. माझी थोरली घोडी कुठेही ढोल ऐकला तरी पाय उचलते. ती मी पोरीला देणार नाही. धाकटी कधी नाचवली नाही, तिचं सांगत होतो.

सातपुड्याची लेक (धडगाव)

मग पहिल्याच वेळी धाकटीचं म्हणायचं होतं. असो. काट्यांवरचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही.

केळीबाग भाऊ, तुम्ही उंच घोड्याच्या नादी लागूच नका. माझे मामा धडगावच्या बाजाराला मीठ-तेल तट्टावर न्यायचे. जेमतेम माझ्या छातीला लागेल एवढं तट्टू. मी पाच वर्षांची असल्यापासून गोणीवर बसून जायचे. दगडाच्या उतारावर ते आधी खूर टेकवून बघायचं, मग वजन टाकायचं. दोनदा पडले, दोन्ही वेळा ते जागेवर उभं राहिलं.

साक्रीकडचे ठेलारी मेंढ्या घेऊन निघतात तेव्हा त्यांच्या घोड्या बघा. पाठीवर बाजलं, त्यावर वाकळ, बाजल्याला बांधलेल्या कोंबड्या, दोन कोकरं आणि या सगळ्यात एक झोपलेलं लेकरू. कुत्री पायात, ट्रक अंगावरून. अशी उतारवयाकडे झुकलेली घोडी कोणी देत असेल तर डोळे झाकून घ्या.

तापीकाठ (शहादा)

डोळे झाकून काहीच घेऊ नका. ठेलाऱ्यांच्या घोडीला कळपाची सवय. पुढच्या घोडीच्या शेपटीमागे दिवसभर चालेल. एकटी काढली की ओरडते, मागे वळते, कधी माणसाला घेऊन तशीच माघारी पळते. तुमच्या मामाचं तट्टू एकटं चालायचं, हा फरक मोठा आहे. तेवढी एक परीक्षा पास झाली तर माझ्या मते सगळ्यांत चांगली निवड तीच. हे तुम्ही सुचवलंत, मला सुचायला हवं होतं.

आणि तट्टू आहे म्हणून बापाने पोरीच्या मागे बसू नये. आप्पांनी ज्यावर भांडण केलं त्याच १९६५ च्या नियमांत तट्टावरच्या ओझ्याला ७० किलोची मर्यादा आहे. केळीबाग भाऊ, तुमचं वजन?

घोडीवाले आप्पा (पारोळा)

नियम मी काढले नव्हते, ताईंनी काढले. नीट वाचत जा.

केळीबाग (रावेर)

माझं वजन ८४. बसणार नाही.

काल रात्री तुमचा पहिला मजकूर पुन्हा वाचला. रिकिबीतून पाय आरपार गेल्याचं वाचून उठलो आणि पोरीला अंगणातल्या मोटारसायकलवर बसवून तिच्या पावलाचं माप घेतलं. सहा सेंटिमीटर रुंद. आमच्या काकांकडे जुनं खोगीर आहे, त्याची रिकीब साडेअकरा भरली. तिचं पाऊल सहज आरपार जाईल. मी तेच खोगीर वापरणार होतो.

शिंगरू रद्द. राग अजून आहे, पण तो तुमचा नाही. पिंपळनेरच्या बाजूला एका ओळखीच्याकडे अकरा वर्षांची ठेलारी घोडी आहे म्हणतात. परवा जातोय, पोरीला न घेता. तिच्या आईची एकच अट आहे, हेल्मेट आधी, घोडी नंतर. सायकलचं चालेल का?

गुरांची डॉक्टर (धुळे)

नाही. घोडेस्वारीचं वेगळं असतं, मागून मान आणि कवटीची खालची बाजू झाकणारं. मागवून घ्या, तोवर बसवू नका. बूट घोट्यापर्यंतचे, थोडी टाच असलेले. आणि घोडी घरी आणली की हरभऱ्याची कोठी कुलपात. कोठी उघडी सापडली की घोडं पोट फुटेस्तोवर खातं. मी अशा रात्री काढल्यात.

तापीकाठ (शहादा)

रिकीब रावेरात शोधत बसू नका. भावाच्या अपघातानंतर वडिलांनी पोराच्या मापाची एक जोडी लोहाराकडून करून आणली होती, पावलाच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहील अशी. ती कधी वापरलीच गेली नाही. पिंपळनेरहून परत येताना शहाद्यावरून या. आणि घोडीला घराच्या दिशेने नेऊन बघू नका, घरापासून लांब नेऊन बघा. एकटी.

सातपुड्याची लेक (धडगाव)

तोंडात हात घालून बघायचं विसरू नका, भाऊ.