उत्तर : दोन वर्षांची ग्रामप्रिया कोंबडी आठवड्याला दोनच अंडी घालते, विकावी का?

घाई करू नका. ग्रामप्रिया ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेली जात. साधारण सहाव्या महिन्यात ती अंड्यावर येते आणि दीड वर्षाची होईतो दीडशेहून जास्त अंडी देऊन मोकळी होते. म्हणजे तुमच्या कोंबडीने भरात असतानाचं काम केलेलंच आहे. पुढे दरवर्षी आकडा घसरतोच, अंडं मात्र थोडं मोठं आणि कवच पातळ होतं.

पण आठवड्याला एकदम दोनच? आधी खुराड्यात पिसं पडलीत का बघा. पिसं झडताना कोंबडी दीड-दोन महिने अंडी जवळजवळ बंदच करते. त्यात हिवाळ्याचा लहान दिवस. अंड्यासाठी तिला चौदा तास तरी उजेड लागतो. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, लागेल तेवढा ती स्वतः खाते.

'गावरान बरी, ती म्हातारपणीही घालते' असंही कुणी कुणी म्हणतं. घालते की, पण दहा-पंधरा अंडी झाली की खुडूक बसते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते! वर्षाची साठ-सत्तर मिळाली तरी खूप. आमच्याकडची एक पाच वर्षांची होऊनही उन्हाळ्याच्या तोंडाला आठ-दहा द्यायची. तिला ठेवलं होतं ते पिल्लं उबवायला. ग्रामप्रियाची अंडीही तिच्याखालीच ठेवायचो, कारण ग्रामप्रिया स्वतः सहसा खुडूक होत नाही.