कोकणातल्या उकाड्यात हे गणित फसतं

'प्रेत किती गार पडलंय त्यावरून मृत्यूची वेळ काढतात' असं कुणी कुणी म्हणतं. थंड मुलखात ठीक. मे महिन्यात रत्नागिरी-मालवणकडे दुपारची हवाच ३३-३४ अंश. ३७ अंशांचं शरीर गार होऊन होऊन किती होणार? मग ताठरपणा बघायचा. तो पापण्या-जबड्यापासून सुरू होतो, साधारण १२ तासांत अंगभर पसरतो, पण उकाड्यात उतरतोही लवकर. पुढे पोटावर उजवीकडे खाली हिरवट डाग दिसला, की कुजणं सुरू झालं समजायचं.

समुद्रातून काढलेल्या प्रेताची तर तऱ्हाच वेगळी. तळहात-तळपाय पांढरेफटक, सुरकुतलेले. पापण्या, ओठ, कानाच्या पाळ्या खेकड्यांनी कुरतडलेल्या. (नवख्याला हा हमखास घातपात वाटतो!) पाण्याखाली माश्या प्रेतावर अंडी घालत नाहीत, म्हणजे त्यांतून निघणाऱ्या अळ्यांच्या वयावरून वेळेचा अंदाज बांधायची सोयही गेली. शिवाय पाण्यात संथ चाललेलं कुजणं किनाऱ्यावर आणताच झपाट्यानं वाढतं. प्रेत किती वाजता बाहेर काढलं हे पंचनाम्यात नसेल, तर डॉक्टरांनी करायचं काय? मालिकेतलं 'रात्री ११ वाजून २० मिनिटं' विसरा. खऱ्या अहवालात 'इतक्या ते इतक्या तासांपूर्वी' असंच असतं.